कानांचं कलम

शुक्राणुदाता होण्यासाठी माणूस प्रौढ, निरोगी आणि पुरुष असला की पुरे, अशी लिफ्टवाल्याची प्रामाणिक समजूत होती. अशा समजुती बाळगणारे लोक समाजात अजूनही आहेत, म्हणून त्याची हकिगत इथे सांगणं आम्हाला आवश्यक वाटतं.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट चालवणारा नव्हे, बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा. अंगानं दणकट, स्वभावानं गरीब, आणि कान मात्र चांगले पुढे आलेले. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलांना फळा दिसत नाही म्हणून मास्तर त्याला कायम भिंतीकडेला बसवत. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. बायको तर म्हणायची, गर्दीत तुम्हाला शोधायला बरं पडतं.

दान करायची त्याला हौस नव्हती. गरज धाकट्या बहिणीची होती. ती तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर लोकांची पोरं पाण्यावर तरंगवायची आणि संध्याकाळी सामसूम घरात परत यायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. डॉक्टरांनी तपासण्या करून अडचण नवऱ्याच्या बाजूला आहे असं सांगितलं. दोघांनी ते शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि शुक्राणूपेढीत नाव नोंदवलं. तिथे प्रतीक्षायादी होती आणि ती यादी जागची हलत नव्हती. त्यात पेढीचा वयाचा नियम असा, की येत्या वाढदिवसाला बहिणीचं नाव आपोआप कटणार होतं.

"एक वाट आहे, दादा," बहीण म्हणाली. "बदली दाता. रक्तपेढीत करतात तसंच. आपल्याकडचा एक माणूस द्यायचा. त्याचं दान दुसऱ्याच कुणाला तरी जातं, नात्यात देतच नाहीत. आम्हालाही कुणा अनोळखी माणसाचंच मिळणार. पण नंबर पुढे येतो."

"मग जातो की," लिफ्टवाला म्हणाला. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे त्याला लवकरच कळणार होतं.

पहिली पायरी पत्नीची संमती. बायकोनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरातला नळ मी कधीपासून सांगतेय. तो जमेना, आणि परक्यांच्या संसाराला हातभार लावायला निघालात?"

"म्हणजे नाही म्हणतेस?"

"नाही कशाला म्हणू? वन्संचं भलं होतंय. पण आधी नळ."

लिफ्टवाल्यानं नळ बसवला आणि बायकोनं सही केली. या सगळ्या प्रकरणात ठरल्याप्रमाणे आणि वेळेवर झालेलं काम हे एवढंच.

पेढी एका उंच इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होती. जाड गालिचा, काचेची दारं, आणि गुप्ततेच्या धोरणामुळे सगळे कर्मचारी कुजबुजत बोलणारे. स्वागतकक्षातल्या बाईंनी लिफ्टवाल्याला कानाशी येऊन सांगितलं, की इथे कुणालाही नावानं हाक मारली जात नाही. मग त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि भरलेल्या दालनात मोठ्यानं विचारलं, "ते लिफ्टवाले दाते कोण? पाच नंबरच्या खोलीत जा. आणि तीन दिवस ब्रह्मचर्य पाळलंत ना, की आजची खेप फुकट?"

दालनातल्या सगळ्या माना वळल्या. लिफ्टवाल्यानं "पाळलं" असं सांगितलं, पण ते बऱ्याच हळू.

पाच नंबरच्या खोलीत एक खुर्ची, एक हात धुण्याचं भांडं आणि समोरच्या भिंतीवर संस्थापकांचं तैलचित्र होतं. संस्थापकांनी कानटोपी घातली होती आणि त्यांची नजर खुर्चीवर रोखलेली होती. खाली पाटी होती: 'संस्थेचा वेळ मौल्यवान आहे.' लिफ्टवाल्यानं खुर्ची फिरवून पाहिली. ती जमिनीत पक्की बसवलेली होती. शेवटी त्यानं आपला रुमाल तैलचित्राच्या डोळ्यांवर अडकवला, मनातल्या मनात माफी मागितली आणि कर्तव्य पार पाडलं.

अहवाल मात्र असा आला की घरात साखर वाटावी. रक्त निर्दोष. आनुवंशिक आजार नाही, संसर्ग नाही. संख्या भरघोस, गती उत्तम, दिशा अचूक.

"दिशा अचूक?" बायको म्हणाली. "हे स्वतः बाहेर पडले की चार जणांना रस्ता विचारतात."

तरी तिनं तो कागद जपून ठेवला. नवऱ्याबद्दल इतकं चांगलं लिहिलेलं तिनं कधी वाचलं नव्हतं.

लिफ्टवाल्याला वाटलं, झालं काम. तो बहिणीला आनंदानं फोन करणार एवढ्यात पेढीच्या व्यवस्थापकांचं बोलावणं आलं. व्यवस्थापक हे संस्थापकांचे चिरंजीव. अत्यंत सभ्य गृहस्थ. मानेपर्यंत केस वाढवलेले आणि ते दोन्ही बाजूंनी चापूनचोपून बसवलेले. त्यांनी लिफ्टवाल्याला बसायला सांगितलं आणि मागच्या भिंतीकडे हात केला. भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत एक फलक होता. त्यावर बारीक अक्षरात कलमं रंगवलेली होती आणि वरच्या टोकाची वाचायला शिडी ठेवलेली होती.

"आरोग्याच्या तपासण्या शास्त्राच्या," व्यवस्थापक म्हणाले. "त्यांत तुम्ही पास. ही ग्राहकांची कलमं. आपली संस्था लोकाभिमुख आहे. नाव नोंदवताना प्रत्येक जोडप्याला एक अट घालायचा अधिकार आहे."

"बरोबर आहे. ज्याला जशी आवड."

"आणि समानतेच्या तत्त्वानुसार एकाची अट सगळ्यांना लागू."

लिफ्टवाल्यानं फलकाकडे पुन्हा पाहिलं. आता तो त्याला पहिल्यापेक्षा मोठा दिसला.

मग तपासणी सुरू झाली. उंची मोजली. अक्षर बघितलं. एका जोडप्याला शांत मुलगा हवा होता, म्हणून लिफ्टवाल्याला तासभर मुद्दाम ताटकळत ठेवून तो चिडतो का ते पाहिलं. तो चिडला नाही. दुसऱ्या जोडप्याला बाणेदार मुलगा हवा होता, म्हणून तो चिडला का नाही याचा खुलासा मागवला. त्यानं खुलासा केला, की आतून चिडलो होतो. तो दोन्हीकडे मान्य झाला. एका कलमानुसार दात्याला गाता येणं आवश्यक होतं, आणि ते कलम घालणाऱ्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडानं घातलेल्या कलमानुसार त्यानं घरात गाता कामा नये. बायकोला साक्षीला बोलावलं. "घोरतात का?" असं विचारल्यावर ती क्षणभर छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वन्संसाठी सांगते, नाही."

तिसऱ्या पिढीपर्यंतच्या इतिहासासाठी आईला बोलावलं. आई ठेवणीतले कपडे घालून आली. आपल्या सासरबद्दल चांगलं बोलायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे तिनं जरा घाईच केली.

"यांच्या घराण्यात सगळे नव्वदी गाठतात," ती अभिमानानं म्हणाली.

व्यवस्थापकांनी लेखणी खाली ठेवली. "अडचण आहे. दीर्घायुष्यावर काही जोडप्यांची हरकत आहे. त्यांच्या घरी सध्या वडीलधारी मंडळी आहेत, आणि ती बराच काळ आहेत."

आईनं एकदा मुलाकडे बघितलं. "तसे काही जण वेळेत गेले," ती म्हणाली.

"कशानं?"

"आजार काही नाही. आपलं समजुतीनं."

हा खुलासा स्वीकारण्यात आला. आई बाहेर आली ती पदरानं कपाळ पुसतच. "मेले एवढं तर मला बघायला आले तेव्हाही विचारलं नव्हतं," ती म्हणाली, "आणि तेव्हा तर मी जन्माची येणार होते."

असं करत करत लिफ्टवाला शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत पोचला. बहिणीचा वाढदिवस तोंडावर आला होता. ती रोज फोन करायची आणि मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलायची. आज पाणी फार गार होतं, आज एका पोरानं पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं, असलं काहीतरी. फोन ठेवताना मात्र हळूच विचारायची, "दादा, किती कलमं राहिली रे?" तो "थोडीच" म्हणायचा आणि मग त्याला जेवण जात नसे.

शेवटचं कलम ताजं होतं. त्याचा रंग अजून चकाकत होता. व्यवस्थापकांनी खणातून फूटपट्टी काढली, लिफ्टवाल्याच्या मागे उभे राहून ती डोक्याला टेकवली आणि दोन्ही बाजूंचं माप दोनदा घेतलं.

"वाईट वाटतं," ते शेवटी म्हणाले. "कान बाहेर आहेत. अमान्य."

"पण साहेब, ऐकू उत्तम येतं."

"ऐकण्याबद्दल कुणी अट घातलेली नाही."

लिफ्टवाला उठला. दारापर्यंत जाऊन परत फिरला. "राग मानू नका, पण हे सगळं पास होऊन गेलेला माणूस दिसतो तरी कसा? एकदा बघायचा होता."

व्यवस्थापक पहिल्यांदाच मनापासून हसले. त्यांनी त्याला आतल्या दालनात नेलं. तिथे चकचकीत पोलादी शीतपात्र उभं होतं. त्यातून थंड वाफ निघत होती आणि त्याच्या झाकणावर उद्घाटनाची फीत अजून तशीच होती.

"अजून कुणी पास झालेलं नाही," ते अभिमानानं म्हणाले. "दर्जाशी आम्ही तडजोड केली नाही. एवढी वर्षं झाली, आमच्या एकाही बाळाबद्दल एकही तक्रार नाही."

"म्हणजे बाळच नाही?"

"म्हणून तर यादी एवढी मोठी आहे. लोक उगाच का थांबतील? त्यांचा विश्वास आहे."

लिफ्टवाला त्या दिवशी कामावर गेला नाही. सरळ बहिणीच्या घरी गेला. बहिणीचा नवरा मुद्रितशोधक होता. पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका हुडकायच्या, हा त्याचा धंदा. माणूस देवासारखा, पण हॉटेलात गेला की पदार्थ मागवायच्या आधी यादीतल्या चुका दुरुस्त करणार. लिफ्टवाल्यानं झालेलं सगळं सांगितलं. कानांचं कलम ऐकल्यावर मुद्रितशोधकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

बहिणीनं ते बघितलं. "तू?" ती म्हणाली.

"माझ्या मनात तसं काही नव्हतं," मुद्रितशोधक म्हणाला. "नोंदणीच्या वेळी ते म्हणाले, एक अट घाला. मी म्हटलं, आमची काही अट नाही. ते म्हणाले, रकाना रिकामा सोडता येत नाही. आणि मला रिकामा रकाना बघवत नाही, तुला माहीत आहे. तेवढ्यात पाकिटात आपल्या लग्नाचा फोटो दिसला. त्यात माझ्या पुढे दादा उभे आहेत..."

"त्या फोटोत माझे कान आलेत?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"दादा, त्या फोटोत मीच दिसत नाहीये."

मग लिफ्टवाल्याला हसू फुटलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला, पण पोट हलायला लागलं तसं मुद्रितशोधकालाही राहवेना. बहीण मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "मला पोर हवंय रे," ती म्हणाली. "चूक असलं तरी चालेल. तू तपासायला बसू नकोस." मुद्रितशोधकाचा चेहरा एवढासा झाला. मग तिनं पायात चपला सरकवल्या आणि दोघांनाही पुढे घालून पेढीवर निघाली.

खाली लिफ्टमध्ये नेमके व्यवस्थापक भेटले. चौघं आत शिरले, दार लागलं, लिफ्ट निघाली आणि मधेच थांबली. दिवा राहिला, पंखा गेला.

"चला, बरं झालं," व्यवस्थापक म्हणाले. "लिफ्टवाले आपल्यातच आहेत."

"मी बाहेर असतो तर काही केलं असतं," लिफ्टवाला म्हणाला. "आतून मीपण तुमच्यासारखाच."

त्यानं घंटा दाबली, रखवालदाराला ओरडून काय करायचं ते सांगितलं, आणि मग थांबण्याशिवाय काही उरलं नाही. डबा तापायला लागला. चौघांनाही घाम फुटला. व्यवस्थापकांनी आधी गळपट्टी सैल केली. मग कोट काढला. मग अगदीच असह्य झालं तेव्हा त्यांनी भिजलेले केस दोन्ही हातांनी मागे सारले.

मुद्रितशोधकाच्या नजरेतून काही सुटत नाही. तो बघतच राहिला. बहिणीनंही बघितलं. व्यवस्थापकांचे कान लिफ्टवाल्याच्या कानांपेक्षा थोडे मोठेच होते, आणि सुटल्याच्या आनंदात ते दोन्ही बाजूंना लालबुंद होऊन उभे राहिले होते.

"साहेब," लिफ्टवाल्यानं हळूच विचारलं, "थोरल्या साहेबांची ती कानटोपी..."

"बाबांना थंडी फार वाजायची," व्यवस्थापक म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही. ते भिंतीला टेकून म्हणाले, "नाही वाजायची. भर उन्हाळ्यात काढलंय ते चित्र. चित्रकाराला घेरी आली होती."

"घोरायचे का?" बहिणीनं विचारलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता.

"खालच्या मजल्यावर ऐकू यायचं."

"चिडायचे?"

"फार. पण मी पडलो की धावत यायचे. फूटपट्टीनं कुणाला मोजताना मी त्यांना कधी बघितलं नाही. फलक मी लावला." त्यांनी रुमाल काढून नुसताच हातात धरला. "तुमच्या कलमानं गेले असते ते, ताई. मीही गेलो असतो. पेढीही गेली असती."

"मग पुसा ना ती कलमं."

"तसं करता येत नाही. कलम घालणाऱ्यानंच ते मागे घ्यायला हवं."

"मी घेतो मागे," मुद्रितशोधक म्हणाला. "आत्ता. लेखी."

रखवालदारानं दार उघडलं तेव्हा आतले चौघं एकमेकांना 'जपून, जपून' म्हणत बाहेर पडले.

पेढीनं यादीतल्या सगळ्या जोडप्यांची सभा घेतली. सभा अत्यंत खेळीमेळीत पार पडली. बाकीच्यांची कलमं हास्यास्पद आहेत यावर पूर्ण एकमत झालं. दीर्घायुष्याची हरकत अमानुष ठरली, गाण्याची बालिश ठरली. उंचीवाले अक्षरवाल्यांना हसले, अक्षरवाले उंचीवाल्यांना हसले. मग आपापलं कलम मागे घेण्यासाठी हात वर करा असं सांगितल्यावर एकच हात वर आला. तो मुद्रितशोधकाचा होता.

बहिणीचा वाढदिवस आता अगदी जवळ आला होता. सभेनंतर ती पायऱ्यांवर बसून राहिली. लिफ्टवाला शेजारी बसला.

व्यवस्थापक त्या दोघांजवळून खाली मान घालून गेले आणि पुढे जाऊन थांबले. ते शेवटी संस्था चालवणारे गृहस्थ होते. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, पण नियमाला विश्रांती देणं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीत सूचना लागली: 'फलकाची अक्षरं फिकट झाल्यानं तो रंगकामासाठी उतरवण्यात येत आहे. जे कलम फलकावर वाचता येत नाही ते लागू करता येत नाही. आरोग्य तपासण्या नेहमीप्रमाणे.'

रंगारी आळशी होता. तशीच चौकशी करून त्याला निवडलं होतं. तो रंग ढवळत राहिला, आणि तेवढ्यात आजवर अमान्य झालेली सगळी माणसं पेढीत येऊन गेली. बुटकी, घोरणारी, बेसूर, गिचमिड अक्षराची, दोन टक्कलवाली, एक सारखा रस्ता चुकणारा. लिफ्टवाला पाच नंबरच्या खोलीत पुन्हा गेला तेव्हा संस्थापकांच्या डोळ्यांवर त्याचा रुमाल अजून तसाच होता. कुणी काढला नव्हता. बहुधा बऱ्याच जणांची सोय झाली असावी. शीतपात्राची फीत कापली गेली, आणि वाढदिवसाच्या आधी बहिणीचा नंबर लागला.

पुढच्या वर्षी बहिणीला मुलगी झाली. दाता कोण हे कुणाला माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. बघायला आलेल्यांनी मात्र कपाळ आजीवर, हनुवटी आत्यावर आणि हट्ट मामावर गेलाय असं छातीठोक सांगितलं. मुद्रितशोधकानं तिला दिव्याखाली धरून डोक्यापासून पायापर्यंत दोनदा वाचली.

"काही सापडलं?" बहिणीनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. त्यानं चष्मा काढून ठेवला. रात्री बापलेक शेजारी शेजारी झोपले की दोघंही सारख्याच सुरात घोरतात, आणि बहीण जागी राहून ते ऐकत बसते. मुलगी बापावर गेलीय असं ती सगळ्यांना सांगते.

फलक रंगवून परत भिंतीवर चढला आहे. शिडी नवी आणि उंच घेतली आहे. पेढीत पुन्हा शांतता आहे आणि यादी जोरात वाढते आहे.

आता हे सगळं वाचून आपण मनमोकळं हसला असाल, तर एक करा. आपल्या वडिलांना समोर बसवा, नसतील तर त्यांचा फोटो घ्या, आणि त्यांना त्या फलकाखाली उभं करून बघा. उंची, अक्षर, राग, टक्कल, घोरणं, कान. ते कितव्या कलमाला अडकले ते आम्हाला कळवू नका. फक्त ते अमान्य झाल्यावर हा मजकूर नक्की कोण वाचतंय, याचा शांतपणे विचार करा. आणि विचार झाला की पेढीत येऊन जा. आपल्या नावापुढचा रकाना अजून रिकामा आहे, आणि आपली अट इतरांसारखी हास्यास्पद नाही, याची आम्हाला खात्री आहे.